लसूण, नीलम आणि अकरा वाचक

काही पुस्तकं ठेवायची असतात आणि काही फिरवायची. डिक्शनरी, ज्ञानेश्वरी आणि डेटाबेसवरचा तो आठशे पानी ठोकळा (वाचलाय कोणी? पण मॉनिटर बरोबर उंचीवर येतो) ही ठेवायची. खाद्यसमीक्षकाच्या आठवणींचं पुस्तक मात्र शंभर टक्के फिरवायचं. वाचून झाल्यावर महिन्याभरात ते दुसऱ्याच्या हातात गेलं नाही, तर ते विकत घेण्यालाच काही अर्थ नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे. मत जरा टोकाचं आहे, कल्पना आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. रविवार आहे, चहा घ्या, निवांत वाचा.

तर ज्या पुस्तकामुळे हे मत झालं ते म्हणजे रूथ रायशल ह्या बाईंचं 'गार्लिक अँड सफायर्स'. लसूण आणि नीलम. शीर्षक टी. एस. एलियटच्या कवितेतून उचललंय, पण आत कविता वगैरे काही नाही, घाबरू नका. रायशलबाई 1993 ते 1999 ह्या काळात 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रेस्टॉरंट समीक्षक होत्या. त्याआधी 'लॉस एंजलिस टाइम्स'मध्ये. नंतर दहा वर्षं 'गुर्मे' मासिकाच्या संपादक. आठवणींची त्यांची चार पुस्तकं ठळक आहेत: 'टेंडर अ‍ॅट द बोन' (1998), 'कम्फर्ट मी विथ अ‍ॅपल्स' (2001), हे लसूणवालं (2005) आणि 'सेव्ह मी द प्लम्स' (2019). एक पाचवं छोटंसं आहे, त्याच्याकडे नंतर येतो, कारण खरी गोम तिथे आहे.

माझी प्रत 2008 सालची. ऑनसाइट असताना न्यूजर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एका डॉलरला मिळाली. आत ग्रंथालयाचा 'काढून टाकलेले' असा शिक्का. म्हणजे माझ्या हातात येण्यापूर्वीच ती कितीतरी हातांतून गेलेली होती. पुण्यात परतल्यापासून आजवर अकरा जणांनी ती वाचली आहे. (मी धरून. ग्रंथालयातले सोडून.)

आता ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाई लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कला नोकरीवर रुजू व्हायच्या आधीच शहरातल्या बड्या रेस्टॉरंटांनी त्यांचे फोटो मिळवून स्वैपाकघरात लावले होते. समीक्षक आला की ओळखा, पटकन मालकाला सांगा. हे बाईंना कळलं विमानात, शेजारी बसलेल्या एका वेट्रेसकडून! मग त्यांनी काय केलं, तर आईच्या ओळखीच्या एका अभिनय शिकवणाऱ्या बाईंना गाठलं आणि वेषांतर शिकून घेतलं. नुसता विग नाही. पूर्ण बाई बदलायची. नाव, कपडे, चाल, नवऱ्याचा धंदा, सगळं. पहिली बाई म्हणजे मॉली, मिशिगनमधली निवृत्त शिक्षिका, कपडे जरा गबाळे. नंतर सोनेरी केसांची क्लोई, लालभडक केसांची आणि सगळ्यांना आवडणारी ब्रेंडा, कुणाचं लक्षच जात नाही अशी म्हातारी बेटी, आणि एमिली नावाची एक खाष्ट.

मॉली गेली 'ल सर्क' नावाच्या रेस्टॉरंटात. न्यूयॉर्कमधलं तेव्हाचं अत्यंत प्रतिष्ठित ठिकाण, राजेमहाराजे आणि अध्यक्ष जेवायला येणारं, टाइम्सचे चारपैकी चार तारे मिळवलेलं. मॉलीला आरक्षण असूनही ताटकळत ठेवलं, मग धूम्रपानवाल्यांच्या भागात नेऊन बसवलं, आणि ती वाइनची यादी वाचत असताना ती हातातून काढून घेतली, कारण दुसऱ्या कुणाला हवी होती. पुढे काही दिवसांनी तीच बाई रूथ रायशल म्हणून गेली, ओळखली गेली, आणि मालक स्वतः धावत आला. वाट बघणाऱ्यांच्या गर्दीतून तिला सरळ टेबलावर नेलं, आणि वर ऐकवलं की बारमध्ये एक राजा थांबलाय, पण तुमचं टेबल तयार आहे. गोडाच्या बशीतल्या रास्पबेऱ्यासुद्धा मॉलीच्या वेळेपेक्षा मोठ्या निघाल्या!

29 ऑक्टोबर 1993 ला हे परीक्षण छापून आलं. एकाच लेखात दोन्ही अनुभव, शेजारीशेजारी. चारचे तीन तारे झाले.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. ही ए-बी टेस्टिंग आहे हो! तेच स्वैपाकघर, तोच मेनू, तेच बिल. बदललेला घटक एकच, समोरच्या बाईची किंमत. आणि आउटपुट बघा.

पुस्तकाची रचनाही मला आवडते. प्रकरणात आधी पडद्यामागची हकीकत, मग पेपरात छापून आलेलं मूळ परीक्षण जसंच्या तसं, आणि मधूनमधून एखादी पाककृती. म्हणजे रिलीज नोट्स आणि त्यामागचे खरे कमिट लॉग एकाच फाइलमध्ये. आपल्याला असं कोण दाखवतं?

बरं, हे सगळं मी का सांगतोय. तर ही प्रत मी पहिल्यांदा ज्यांना दिली त्या आमच्या प्रोजेक्टवरच्या टेस्टिंग लीड. बग शोधण्यात अतिशय खडूस, माणूस म्हणून झकास. त्यांनी पुस्तक वाचलं, छान आहे म्हणाल्या, आणि पुढे दोन महिने परतच केलं नाही. मागायला गेलो तर म्हणाल्या, थांब, मी त्यात काहीतरी लिहिलंय, चालेल ना?

झालं होतं असं. त्यांची आई नगर जिल्ह्यातल्या एका गावची, नऊवारी नेसणारी. साठी झाली म्हणून लेकीने तिला पुण्यातल्या एका महागड्या रेस्टॉरंटात नेलं. आईला दारात उतरवलं आणि ही गाडी लावायला गेली. आई आत गेली, लेकीचं नाव सांगितलं. दारावरच्या माणसाने वहीत बघितलं, आईकडे बघितलं, आणि तिला स्वैपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी बसवलं. हॉल निम्मा रिकामा. दहा मिनिटांनी लेक आली, इंग्रजीत एक वाक्य बोलली, आणि लगेच खिडकीशेजारचं टेबल मोकळं निघालं. आई बिचारी म्हणत राहिली, अगं बरं आहे की इथे, वास छान येतोय.

ल सर्कच्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने बाईंनी लिहिलंय: 'आईचं टेबल दाराशी. माझं टेबल खिडकीशी. मधलं अंतर, इंग्रजीतलं एक वाक्य.'

हे वाचल्यावर माझ्या प्रतीचं काहीतरी वेगळंच झालं. तिच्यानंतर ज्यांना ज्यांना पुस्तक गेलं त्यांनी तो समास वाचला, आणि बहुतेकांनी खाली भर घातली. मुंबईच्या एका मित्राने लिहिलं की तो चप्पल घालून गेला तर काय होतं आणि बूट घालून गेला तर काय होतं. एकाने बायकोशिवाय आणि बायकोबरोबर अशी तुलना केली (निकाल बायकोच्या बाजूने). सगळ्यात टोचणारी नोंद सातव्या वाचकाची. बारीक अक्षरात आहे: 'आणि आपण जेवत असताना दोन तास पार्किंगमध्ये बसलेल्या ड्रायव्हरचं टेबल कुठलं?' त्याच्या खाली आजतागायत कुणी काही लिहिलेलं नाही. पुढच्या चार जणांनी ते वाचलंय हे मात्र नक्की, कारण त्या पानाचा कोपरा काळा पडलाय.

आता सांगा, हे पुस्तक मी कपाटात ठेवलं असतं तर?

खाण्यावरच्या पुस्तकांत ही गोष्ट जास्त घडते असं माझं निरीक्षण आहे. कादंबरी फिरवली की लोक 'आवडली', 'नाही आवडली' म्हणतात. खाण्याबद्दल वाचलं की प्रत्येकाला स्वतःचं काहीतरी आठवतं, कारण खाल्लंय प्रत्येकाने. शिवाय ज्या जेवणाबद्दल पुस्तक आहे ते तर आता मिळणारच नाही. ल सर्क 2017 च्या शेवटी बंद झालं, त्याचे मालक सिरिओ मॅचिओनी 2020 साली गेले. 'गुर्मे' मासिक, 1941 पासूनचं, 2009 मध्ये बंद पडलं. सोहोमधलं होनमुरा आन हे सोबा नूडल्सचं जपानी रेस्टॉरंटही गेलं. ह्या होनमुरा आनला बाईंनी तीन तारे दिले तेव्हा केवढा गहजब! नूडल्सच्या दुकानाला तीन तारे? जे चार तारे फ्रेंच लोकांसाठी राखीव, त्यातले तीन? बाईंच्या आधीचे समीक्षक ब्रायन मिलर ह्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून तक्रार केली की हिने ताऱ्यांची पद्धतच मोडीत काढली, आणि ते पत्र फुटलं. मला विचाराल तर त्या तीन ताऱ्यांसाठी बाईंना सलाम. उंच टोपीवाला फ्रेंच शेफ सॉस करतो ती कला आणि जपानी माणूस रोज हाताने गव्हापेक्षा अवघड पिठाच्या शेवया कापतो ती हमाली, हा हिशोब कुणीतरी मोडायलाच हवा होता. पिठल्याला तीन तारे मिळण्याची सोय तिथूनच होते!

वेषांतराचं युगही जवळपास संपलंच म्हणा. 2025 मध्ये टाइम्सच्या नव्या मुख्य समीक्षक, तेजल राव आणि लिगाया मिशान, उघड चेहऱ्याने लोकांसमोर आल्या. ठीकच आहे, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना विग किती दिवस पुरणार. पण म्हणूनच हे पुस्तक आता एखाद्या जुन्या हस्तकलेबद्दलच्या पुस्तकासारखं वाटतं. जेवण गेलं, रेस्टॉरंट गेलं, पद्धत गेली, हातात उरलं ते पुस्तक. ते तरी हलतं ठेवा.

असो. आता वादाचा मुद्दा.

गेल्या वर्षी एका मित्राने हे पुस्तक मागितलं. पुस्तक तेव्हा नाशिकला होतं. तो म्हणाला, मग पीडीएफ पाठव की. नसेल तर स्कॅन कर, मी ग्रुपवर टाकतो, सगळ्यांचंच काम होईल. मी नाही म्हणालो. त्याला राग आला. तू तर फुकट वाटायचाच पुरस्कर्ता ना, अकरा जणांनी एका डॉलरमध्ये वाचलं ते चालतं आणि मी अडीचशे जणांना पाठवलं की चोरी?

प्रश्न बिनतोड वाटतो, आणि मी त्यावर बराच विचार केला. माझं उत्तर असं.

कागदी पुस्तक म्हणजे लॉक लावलेला रिसोर्स. एका वेळी एकच थ्रेड. ते माझ्याकडे असेल तर तुझ्याकडे नाही, आणि तुझ्याकडे आलं तर मी वाट बघायची. ह्या वाट बघण्यातच सगळी गंमत आहे. देणारा विचार करून देतो, घेणाऱ्याला परत करायची टोचणी असते, आणि मधल्या काळात दोघांना बोलायला विषय मिळतो. पीडीएफला असलं काही नाही. ती कॉपी होते, आणि कॉपी झालेली वस्तू देताना देणाऱ्याचं काहीच जात नाही, म्हणून घेणारा वाचतही नाही. माझ्या फोनवर आलेल्या फुकट पुस्तकांपैकी मी किती उघडली ते मी सांगणार नाही, तुमचाही आकडा तेवढाच असेल. अडीचशे जणांना पाठवलेल्या पुस्तकाचे अकरा तरी वाचक होतात का, ह्याची मला दाट शंका आहे. आणि पेन्सिलीची नोंद त्यातल्या एकाचीही पुढच्याला मिळत नाही.

कायदाही ह्या बाबतीत आश्चर्यकारकरीत्या शहाणा आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीच्या पानावर छापलं होतं की ही एका डॉलरपेक्षा कमीत विकाल तर ते कॉपीराइटचं उल्लंघन समजू. मेसीज ह्या न्यूयॉर्कच्या प्रचंड दुकानाच्या मालकांनी ती खुशाल 89 सेंटला विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1908 मध्ये निकाल लागला: एकदा प्रत विकलीत की त्या प्रतीवरचा तुमचा हक्क संपला. घेणाऱ्याने ती विकावी, द्यावी, चुलीत घालावी. नवीन प्रती छापायचा हक्क मात्र तुमचाच. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही तसंच आहे, प्रती लोकांत वितरित करण्याचा हक्क लेखकाला आहे, पण आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे माझ्या प्रतीचे अकरा काय, एकशे अकरा वाचक होऊ देत, कायदा माझ्या बाजूने. स्कॅन केलं की नवीन प्रत, तिथे कायदा मित्राच्या विरोधात. इतकं साधं.

पण लगेच अधिकृत ई-पुस्तकवाल्यांनी कॉलर ताठ करू नये. ते पैसे घेतात पुस्तकाचे आणि देतात परवाना. बहुतेक वेळा तो ना देता येतो ना विकता. 2009 च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने विकलेल्या काही प्रती लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या, हक्कांचा घोळ झाला होता म्हणून. पुस्तकं कोणती, तर जॉर्ज ऑरवेलची! त्यात '1984' सुद्धा. देवाला विनोदबुद्धी आहे. नंतर कंपनीने माफी मागितली, पण मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की माझ्या कपाटातलं पुस्तक न्यायचं असेल तर कुणालातरी दार वाजवावं लागतं.

(ता.क. आधीच टाकतो: मी किंडल वापरतो. प्रवासात बरं पडतं. तांत्रिक पुस्तकांसाठी तर उत्तमच. पण ते वाचनाचं यंत्र आहे, वाटायचं नाही.)

आणि लेखकाचं काय? हा प्रश्न मला स्वतःला जास्त सतावतो. अकरा वाचक, एक डॉलर, आणि तोही ग्रंथालयाला. रायशलबाईंना शून्य. काही देशांनी ह्याच्यावर तोड काढली आहे. डेन्मार्कने 1946 पासून आणि ब्रिटनने 1979 च्या कायद्याने, ग्रंथालयांतल्या पुस्तकांसाठी लेखकाला सरकारकडून थोडे पैसे द्यायची पद्धत आणली. ब्रिटनमध्ये त्याला वरची मर्यादाही घातली, म्हणजे खपाऊ लेखकच सगळी गंगाजळी नेणार नाहीत. आपल्याकडे असलं काही नाही, अमेरिकेतही नाही. माझा वैयक्तिक हिशोब मात्र असा की लसूणवालं पुस्तक एका डॉलरला मिळालं नसतं तर बाकीची मी पूर्ण किमतीला कधीच घेतली नसती, आणि अकरापैकी निदान चौघांनी त्यांचं आणखी एकेक विकत घेतलं. खाद्यपदार्थांच्या दुकानात चवीला तुकडा देतात तो धर्मादाय म्हणून नाही. अर्थात हा हिशोब प्रत्येक लेखकाला लागू पडेल असं नाही, आणि तीनशे प्रतींची आवृत्ती निघणाऱ्या मराठी लेखकाला तर हे सांगायचं माझं धाडस नाही. त्यांची पुस्तकं मी नवीन विकत घेऊन भेट देतो. तेवढा फरक करायलाच हवा.

पुस्तक ही वस्तू आहे ह्याचा एक गमतीशीर पुरावा ह्याच घरात सापडतो. रायशलबाईंचे वडील अर्न्स्ट रायशल हे पुस्तकांचे डिझाइनर. अमेरिकेत ज्याच्यावर बंदी होती त्या जॉइसच्या 'युलिसिस'वरची बंदी डिसेंबर 1933 मध्ये कोर्टाने उठवली आणि 1934 मध्ये रँडम हाउसने जी आवृत्ती काढली, तिची रचना त्यांची. त्याआधी अमेरिकेत ते पुस्तक कसं पोचत होतं? पॅरिसहून, सामानात लपवून, हातोहात. ज्या माणसाने त्या फिरत्या पुस्तकाला पहिल्यांदा राजरोस कपडे चढवले, त्याची मुलगी विग घालून रेस्टॉरंटांत हिंडली. घराण्यातच आहे म्हणायचं.

आता ते पाचवं पुस्तक. इथे मला माझ्यासारख्याच पुस्तक फिरवणाऱ्यांशी भांडायचंय.

'टेंडर अ‍ॅट द बोन' हे बाईंचं सगळ्यात लाडकं पुस्तक, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं पात्र म्हणजे त्यांची आई, मिरियम. मिरियमबाईंना मानसिक आजार होता, आणि बुरशी आलेलं, आंबलेलं अन्न खुशाल लोकांना वाढायची सवय होती. मुलाच्या साखरपुड्याच्या पार्टीत तिने पाहुण्यांना असलं काही खाऊ घातलं की लोक आजारी पडले. लेक लहानपणीच शिकली की घरात पाहुणा आला की त्याला आईच्या स्वैपाकापासून वाचवायचं. वाचताना हसून पुरेवाट होते. मी हसलो, तुम्हीही हसाल. पुस्तक हातोहात जातं ते ह्याच प्रकरणासाठी. लोक ते एकमेकांना वाचून दाखवतात.

मग 2009 मध्ये त्याच लेखिकेने शंभरेक पानांचं 'नॉट बिकमिंग माय मदर' लिहिलं. (पुढच्या वर्षी ते 'फॉर यू, मॉम. फायनली' ह्या नावाने आलं.) आईच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तिची पत्रं आणि टिपणं असलेला एक खोका त्यांनी उघडला. त्यातून निघालेली बाई वेगळीच होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आईवडिलांनी सांगितलं, दिसायला तू बेताची, त्यात डॉक्टर झालीस तर लग्न कोण करणार? म्हणून संगीतशास्त्रात डॉक्टरेट केली. पुस्तकांचं दुकान चालवलं. मग लग्न, घर, आणि त्या पिढीतल्या शिकलेल्या अमेरिकन बाईला जे करायची मुभा होती ते, म्हणजे काहीच नाही. हुशार बाई, हाताला काम नाही, पुढची कित्येक वर्षं. ज्या स्वैपाकाची आपण खिल्ली उडवतो तो तिला कधी करायचाच नव्हता! आपण आईसारख्या झालो नाही ते आईने जाणूनबुजून, स्वतः नावडती होऊन, घडू दिलं नाही, हे लेकीला तेव्हा उमगलं.

हे पुस्तक कोणी फिरवत नाही. विचारून बघा. विनोदी आई दहा जणांकडे पोचते आणि खरी आई दुकानातच राहते. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो वाचकांनी केलेला आहे, लेखिकेने नाही. तिने दुरुस्ती छापली, आपण ती पुढे पाठवली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर जुना बिल्ड सगळ्यांच्या मशीनवर आणि पॅच कुणीच घेत नाही. ह्यात मला आपल्याकडच्या कितीतरी आयाआज्या दिसतात ज्यांच्या करपलेल्या पोळ्यांचे किस्से लग्नाकार्यात हमखास रंगतात, आणि मॅट्रिकला गणितात बोर्डात आलेली असूनही पुढे शिकू दिलं नाही हे वाक्य त्यात कधीच येत नाही. टेस्टिंग लीडबाईंनी हे पुस्तक वाचून परत करताना फक्त एवढंच म्हटलं, की मी आज घरी जाऊन आईला विचारणार आहे तिला काय व्हायचं होतं. काय उत्तर मिळालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

म्हणून आता मी एक नियम केलाय. 'टेंडर अ‍ॅट द बोन' एकटं मिळणार नाही. दोन्ही पुस्तकं दोऱ्याने बांधून देतो, आणि दोन्ही परत आली तरच पुढचं मिळतं. लोक कुरकुरतात. करोत.

बाकी नियम फारसे नाहीत. पुस्तक खायच्या टेबलावर चालेल, आंघोळीला नेऊ नये. डाग पडले तर पडू देत. चीजकेकच्या पाककृतीवर एकीने हळदीच्या बोटाचा ठसा उमटवलाय आणि शेजारी लिहिलंय, 'क्रीम चीजऐवजी चक्का घातला. चालतो, पण साखर वाढवा, आणि सासूबाईंना हे श्रीखंड बिघडलंय असं वाटलं.' ही नोंद मूळ पाककृतीइतकीच मोलाची आहे. कोपरे दुमडायला माझी हरकत नाही, पेनला आहे. संस्कृतात एक सुभाषित आहे ना, पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेलं की गेलंच असं समजावं म्हणून. मी ते सुरुवातीलाच समजून घेतो, त्यामुळे परत आलं की बोनस मिळाल्यासारखं वाटतं.

एक मात्र आहे. ज्यांना पुस्तकातली सगळी वाक्यं कोर्टातल्या साक्षीसारखी खरी हवी असतात त्यांनी दूर राहावं. रायशलबाई स्वतःच सांगतात की काही माणसं आणि प्रसंग त्यांनी एकत्र केलेत, काही बदललेत. मला त्याचं फारसं वाटत नाही, कारण परीक्षणं पेपरात छापलेली आहेत, तारखा आहेत, तारे आहेत. पण टेबलावरचे संवाद इतक्या वर्षांनी शब्दशः कुणाला आठवतात, हा प्रश्न आमच्या आठव्या वाचकाने पान 40 च्या आसपास तीनदा लिहिलाय आणि तिन्ही वेळा तो बरोबर आहे.

सध्या लसूणवालं नाशिकहून निघालंय आणि पुढच्या आठवड्यात पुण्यात येईल. बारावं नाव रिकामं आहे. दोऱ्याने बांधलेली जोडी माझ्याकडेच आहे. ज्याला हवी त्याने शनिवारी संध्याकाळी कोथरूडला येऊन न्यावी, कुरियर करणार नाही. पेन्सिल आत ठेवली आहे.